अकालप्रसवरोधक औषधांचे अनिष्ट परिणाम

गर्भावस्थेचे ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी सुरू झालेल्या प्रसूतिवेदना थोपवून धरण्यासाठी गर्भाशयाच्या स्नायूंचे आकुंचन मंदावणारी जी औषधे देतात, त्यांना अकालप्रसवरोधक औषधे म्हणतात. आयसॉक्सुप्रीन, रिटोड्रीन, टर्ब्युटालीन, निफेडिपीन, इंडोमेथॅसीन व ॲटोसिबान ही त्यांपैकी प्रमुख होत. मॅग्नेशियम सल्फेटाचाही या कामी दीर्घकाळ उपयोग करण्यात आला. ही औषधे प्रसूती फार काळ लांबवू शकत नाहीत. त्यांचा भरवशाचा परिणाम सु. ४८ तास आणि काहींचा फार तर एक आठवडा टिकतो. एवढ्या अल्प मुदतीसाठी एरव्ही निरोगी असलेल्या स्त्रीच्या हृदयावर, रक्तवाहिन्यांवर व श्वसनावर ताण पडत असल्यामुळे औषधांचे अनिष्ट परिणाम वेळीच ओळखणे हा या उपचाराचा अर्धा भाग मानला पाहिजे.

मुदतीपूर्वी जन्मलेल्या अर्भकांची संख्या जगात २०२० साली सु. १ कोटी ३४ लक्ष होती, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांपैकी सु. ३० लक्ष अर्भके भारतात जन्मली व ही संख्या कोणत्याही अन्य देशापेक्षा अधिक होती. अशा अर्भकाच्या फुप्फुसांतील वायुकोश उघडे ठेवणारा पृष्ठक्रियाकारी पदार्थ पुरेसा तयार झालेला नसतो. त्यामुळे जन्मताच त्यास श्वसनाचा त्रास होतो. न्यूझीलंडमधील ग्रॅहॅम लिगिन्झ व रॉस हॉवी यांनी १९७२ मध्ये असे दाखवून दिले की, प्रसूतीपूर्वी मातेस स्टेरॉइड वर्गातील औषध दिल्यास हा त्रास कमी होतो. परंतु त्या औषधाचा पूर्ण गुण येण्यास एक ते दोन दिवस लागतात. अकालप्रसवरोधक औषधांनी मिळवावयाचे ते हेच दोन दिवस. भारत सरकारने २०१४ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार २४ ते ३४ आठवड्यांच्या गर्भवतीस डेक्सामेथॅसोनाच्या ६ मिग्रॅ.च्या चार मात्रा दर १२ तासांनी स्नायूंत टोचतात. पहिली मात्रा देऊन स्त्रीला मोठ्या रुग्णालयाकडे पाठविण्याची मुभा सहायक परिचारिका प्रसाविकेसही आहे. नवजात अर्भकांच्या अतिदक्षता विभागाची सोय असलेल्या ठिकाणी पोहोचण्यास मिळणारा वेळ हा या औषधांचा दुसरा, आणि ग्रामीण भागात कदाचित अधिक महत्त्वाचा उपयोग होय.

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील आंबेगाव व जुन्नर तालुक्यांच्या संदर्भात या वेळेचा अर्थ नीट लक्षात येतो. पेठ हे आंबेगाव तालुक्यातील गाव पुणे–नाशिक महामार्गावर राजगुरुनगर व मंचर यांच्या दरम्यान, पुण्यापासून सु. ५० किमी. अंतरावर आहे. नारायणगाव, मंचर किंवा घोडेगावकडून पुण्यास धाडलेला रुग्ण सामान्यतः याच मार्गाने जातो. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेस आहुपे व भीमाशंकर यांच्या परिसरात सह्याद्रीच्या माथ्यावर महादेव कोळी समाजाच्या वस्त्या आहेत. तेथील गर्भवतीला प्रथम डोंगर उतरून घोडेगावच्या ग्रामीण रुग्णालयात, तेथून मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात आणि पुढे पेठमार्गे पुण्याच्या ससून सर्वसाधारण रुग्णालयासारख्या ठिकाणी, असा टप्प्याटप्प्याने प्रवास घडतो. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम (२०११) व महाराष्ट्रातील १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा (२०१४) यांमुळे वाहनाची अडचण पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी झाली आहे. मात्र एक अडचण वाहनाने सुटत नाही. औषध एका ठिकाणी टोचले जाते, त्याचा परिणाम वाटेत दिसू लागतो आणि त्याची परीक्षा तिसऱ्याच ठिकाणी, तिला पूर्वी कधीही न पाहिलेल्या डॉक्टरांना करावी लागते. छातीतील धडधड ही भीतीमुळे, रक्तस्रावामुळे की औषधामुळे, हे ठरविण्यासाठी त्यांच्या हाती पुष्कळदा एक चिठ्ठी तेवढी असते.

कारणमीमांसा : गर्भाशयाचे स्नायू अरेखित (अनैच्छिक) प्रकारचे असून त्यांचे आकुंचन पेशीत शिरणाऱ्या कॅल्शियमावर अवलंबून असते. बहुतेक अकालप्रसवरोधक औषधे या ना त्या मार्गाने पेशीतील कॅल्शियमाचा उपयोग कमी करतात. अशाच प्रकारचे स्नायू रक्तवाहिन्यांच्या भित्तींतही असतात. हृदयाचे स्नायू व श्वसनाचे ऐच्छिक स्नायू निराळ्या जातीचे असले, तरी त्यांचे कार्यही कॅल्शियमावाचून चालत नाही. गर्भाशयाला नेमके हेरून इतर अवयवांस अलिप्त ठेवणारे औषध अद्याप उपलब्ध नाही. ॲटोसिबान त्यातल्या त्यात जवळ येते. म्हणून या औषधांचे अनिष्ट परिणाम हे बहुतांशी त्यांच्या इष्ट परिणामाचेच दुसऱ्या अवयवांत उमटलेले रूप असते. मात्रा वाढविली की दोन्ही वाढतात. ही गोष्ट ध्यानात ठेवल्यास पुढील बहुतेक लक्षणे पाठ करावी लागत नाहीत.

या उपचाराचा आरंभीचा इतिहास उद्बोधक आहे. १९६० च्या दशकात फ्रिट्झ फुक्स यांनी नीलेतून एथिल अल्कोहॉल देऊन प्रसूतिवेदना थांबविण्याची पद्धत रूढ केली. मेंदूतील पश्च पोष ग्रंथीतून ऑक्सिटोसीन स्रवणे अल्कोहॉलाने कमी होते, हा तिचा आधार होता. परिणामी प्रसूतिकक्षातील स्त्रिया मद्यधुंद होत, त्यांना उलट्या होत आणि उलटी श्वासनलिकेत जाण्याचा धोका संभवे. अर्भकही गुंगीत जन्मास येई. अधिक सुरक्षित औषधे मिळताच ही पद्धत मागे पडली. त्या काळी ती सर्वमान्य होती, हे मात्र विसरता येत नाही.

बीटा-उत्तेजके : अनुकंपी तंत्रिका तंत्राच्या बीटा ग्राहींना उत्तेजित करणारी आयसॉक्सुप्रीन, रिटोड्रीन, टर्ब्युटालीन इ. औषधे या वर्गात मोडतात. आयसॉक्सुप्रिनाचा अकालप्रसवासाठी उपयोग १९६१ पासून नमूद आहे. इतर अनेक देशांत ते मागे पडले असले, तरी भारतात ते गोळ्या, सावकाश विरघळणाऱ्या कॅप्सुली व अंतःक्षेपण (इंजेक्शन) या रूपांत अजूनही वापरात आहे. रिटोड्रिनास अमेरिकेत १९८० मध्ये मान्यता मिळाली. पुढे ते तेथील बाजारातून नाहीसे झाले.

औषध सुरू झाल्यावर थोड्याच वेळात नाडी जलद होते, हातांना कंप सुटतो, चेहरा लाल होतो, डोके दुखते, मळमळते व विनाकारण अस्वस्थता वाटते. ‘छातीत धडधडते’, ‘हातपाय लटपटतात’, ‘जीव घाबरा होतो’ अशा शब्दांत स्त्रिया हे सांगतात. ही लक्षणे इतकी सर्रास आढळतात की, ती नसल्यास औषध पोहोचले की नाही अशी शंका यावी. मात्रा कमी केली असता ती ओसरतात आणि त्यांपासून सहसा धोका नसतो. धोका आहे तो त्यांना सरावून जाण्यात. नाडी मिनिटास १२० च्या पुढे गेल्यास मात्रा वाढवीत नाहीत, ती कमी करतात किंवा औषध थांबवितात. छातीत दुखणे किंवा आवळल्यासारखे वाटणे हे हृदयाच्या स्नायूला रक्त अपुरे पडत असल्याचे चिन्ह असू शकते. अशा वेळी औषध त्वरित बंद करून विद्युत् हृल्लेख काढणे आवश्यक असते.

सर्वांत भयावह परिणाम म्हणजे फुप्फुसशोफ, अर्थात फुप्फुसांत पाणी साठणे. त्याची पार्श्वभूमी गर्भावस्थेतच तयार असते. या काळात रक्तद्रवाचे प्रमाण ४० ते ५० टक्क्यांनी वाढते, तर रक्तातील प्रथिनांची पाणी धरून ठेवण्याची शक्ती घटते. बीटा-उत्तेजकांमुळे वृक्कांतून (मूत्रपिंडांतून) सोडियम व पाणी कमी प्रमाणात बाहेर पडते, हृदयाला अधिक वेगाने काम करावे लागते आणि त्यातच औषध नीलेतून देण्यासाठी सलाइनाच्या बाटल्या चढविल्या जातात. पूर्वी गर्भाशयाचे आकुंचन थांबावे म्हणून प्रथमच भरपूर सलाइन देण्याचा प्रघात होता. त्याचा उपयोग सिद्ध झाला नाही, पण पुढील औषध मात्र त्यामुळे अधिक धोकादायक ठरे. जुळी गर्भधारणा, गर्भाशयातील जंतुसंसर्ग, तीव्र रक्तक्षय (पांडुरोग) आणि हृदयाच्या द्विदल झडपेचा संकोच यांत हा धोका विशेष असतो. यांपैकी शेवटच्या दोहोंकडे आपल्याकडे अधिक लक्ष द्यावयास हवे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातील ५२.२ टक्के गर्भवती रक्तक्षयाने पीडित आढळल्या होत्या. बालपणीच्या संधिवाती ज्वराने जडलेला झडपेचा विकार तर अनेकदा गर्भारपणातील ताणामुळेच प्रथम उघडकीस येतो. पाश्चात्त्य ग्रंथांतील धोक्याची प्रमाणे म्हणूनच येथे जशीच्या तशी लागू करणे योग्य नाही.

फुप्फुसशोफाची सुरुवात क्वचितच एकाएकी होते. प्रथम स्त्रीला उताणे पडवत नाही, उशाशी काही घेऊन बसावेसे वाटते. कोरडा खोकला येतो. श्वासाची गती मिनिटास २४ च्या वर जाते. नंतर दम लागतो, बोलताना वाक्य तुटते, ओठ निळसर दिसू लागतात व फेसाळ, कधी गुलाबी कफ पडतो. गर्भारपणी थोडा दम लागतोच, या समजुतीने पहिल्या अवस्थेकडे दुर्लक्ष होते आणि नेमकी तीच अवस्था उपचाराने सहज आटोक्यात येणारी असते. औषध व सलाइन बंद करणे, स्त्रीला बसते करणे, ऑक्सिजन देणे व मूत्रल औषधाने पाणी उतरविणे हे उपचार करतात. फुप्फुसशोफ प्रसूतीनंतरच्या पहिल्या दिवसातही उद्भवू शकतो.

या औषधांमुळे रक्तातील ग्लुकोज वाढते व पोटॅशियम कमी होते. मधुमेही स्त्रीला स्टेरॉइड व बीटा-उत्तेजक ही दोन्ही एकाच वेळी दिल्यास रक्तशर्करा झपाट्याने चढून रक्तात कीटोन द्रव्ये साठण्याची भीती असते. औषध वारेतून गर्भाकडे जाते व त्याच्याही हृदयाची गती वाढविते. मातेच्या वाढलेल्या शर्करेस तोंड देण्यासाठी गर्भाच्या शरीरात इन्शुलीन अधिक तयार झालेले असते. जन्मानंतर मातेकडून येणारी शर्करा तुटते, इन्शुलीन मात्र टिकून राहते. त्यामुळे नवजात अर्भकाची रक्तशर्करा घसरू शकते. अर्भक सुस्त पडणे, अंगावर न पिणे, हातपाय थरथरणे ही त्याची लक्षणे होत. आयसॉक्सुप्रिनानंतर लगेच जन्मलेल्या अर्भकांत रक्तदाब घटणे व आतड्याची हालचाल मंदावणे हेही आढळले आहे.

कॅनडात रिटोड्रिनावर झालेल्या व १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या परीक्षेत प्रसूती अल्पकाळ लांबली, परंतु अर्भकमृत्यूंत घट आढळली नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ मध्ये असा इशारा दिला की, टर्ब्युटालिनाचे अंतःक्षेपण या कारणासाठी ४८ ते ७२ तासांपलीकडे देऊ नये व त्याच्या गोळ्या तर मुळीच देऊ नयेत. यूरोपीय औषध संस्थेने २०१३ मध्ये या वर्गातील तोंडाने घ्यावयाच्या औषधांचा प्रसूतिशास्त्रातील वापर थांबविण्यास सांगितले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या शिफारशीही बीटा-उत्तेजकांस अनुकूल नाहीत. कळा थांबल्यानंतर ‘पोट कडक होऊ नये’ म्हणून आठवडेच्या आठवडे गोळ्या चालू ठेवण्याच्या रिवाजास शास्त्रीय आधार उरलेला नाही. त्याने अकालप्रसव टळत नाही आणि धडधड, कंप व चक्कर मात्र स्त्रीच्या नित्याच्या होऊन बसतात.

निफेडिपीन : मुळात रक्तदाब व हृदयशूल यांवरील हे औषध कॅल्शियमाचे पेशीतील मार्ग रोधते. अकालप्रसवासाठी त्याचा उपयोग १९८० पासून होऊ लागला. तोंडाने देता येणे, अल्प किंमत व तुलनेने सौम्य अनिष्ट परिणाम यांमुळे ते आज बहुतेक ठिकाणी प्रथम पसंतीचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली कोणत्याच अकालप्रसवरोधक औषधाची शिफारस केली नव्हती. २०२२ मध्ये मात्र तिने अटी घालून निफेडिपिनाची शिफारस केली. त्यामुळे रक्तवाहिन्या सैलावतात. चेहरा व कान तापल्यासारखे वाटणे, डोके ठणकणे, चक्कर, धडधड व पावलांवर सूज ही लक्षणे त्यातून उद्भवतात. एकदम उठून उभे राहिल्यास डोळ्यांपुढे अंधारी येते; म्हणून पहिल्या काही तासांत स्त्रीला एकटीने शौचास जाऊ देत नाहीत. कॅप्सूल चावून किंवा जिभेखाली फोडून घेतल्यास रक्तदाब अचानक कोसळून वारेकडे जाणारे रक्त कमी पडते, म्हणून ती पद्धत आता त्याज्य समजतात. आधीच रक्तस्राव झालेला असेल किंवा रक्तदाब कमी असेल, तर हे औषध टाळतात. फुप्फुसशोफ यानेही होऊ शकतो, परंतु क्वचित.

निफेडिपिनाने होणारी डोकेदुखी ओळखताना एक पेच पडतो. गर्भावस्थेतील उच्च रक्तदाबाच्या विकारातही (गर्भाक्षेपपूर्व अवस्थेत) डोके दुखते व पावले सुजतात. निर्णय रक्तदाब मोजल्याशिवाय होत नाही. दाब नेहमीइतका किंवा कमी असल्यास औषधाचा संशय घ्यावा. तो १४०/९० च्या वर असल्यास, विशेषतः दृष्टी अंधुक होऊन उजव्या बरगडीखाली दुखत असल्यास, मूळ विकाराचा विचार आधी करावा लागतो. अंगाची आग होते या तक्रारीबाबतही तोच न्याय लावावा व तापमापक लावून ताप नाही याची खात्री करून घ्यावी.

मॅग्नेशियम सल्फेट : प्रसूतिवेदना थांबविण्यास हे लवण फारसे उपयोगी नाही, असे आता सिद्ध झाले आहे. तरीही अकालप्रसूतीच्या वेळी ते दोन कारणांसाठी दिले जाते. गर्भाक्षेपाचे झटके टाळणे हे पहिले कारण. सु. ३२ आठवड्यांपूर्वी जन्मणाऱ्या अर्भकाच्या मेंदूचे रक्षण हे दुसरे. त्याचा पुरावा २००३ ते २००८ च्या दरम्यानच्या परीक्षांतून पुढे आला. त्यामुळे त्याची विषबाधा ओळखण्याची गरज कायम आहे. अंतःक्षेपणानंतर सर्वांगातून उष्णतेची लाट गेल्यासारखे वाटणे, घाम, मळमळ व थोडी गुंगी ही अपेक्षित लक्षणे होत. विषबाधेचा क्रम मात्र ठरलेला आहे व तो जीवरक्षक ठरतो. मॅग्नेशियमाचे रक्तातील प्रमाण वाढू लागले की प्रथम गुडघ्याची प्रतिक्षेपी क्रिया नाहीशी होते, म्हणजे गुडघ्याच्या वाटीखालील कंडरेवर हातोडीने हलकेच ठोकले असता पाय उडत नाही. त्यानंतर जीभ जड होते, पापण्या मिटू लागतात. मग श्वास मंदावतो आणि शेवटी हृदय थांबते. प्रत्येक मात्रेपूर्वी गुडघा तपासणे, श्वास मिनिटास १६ पेक्षा कमी नाहीत हे पाहणे आणि मागील चार तासांत निदान १०० मिलि. लघवी झाली आहे याची खात्री करणे, एवढ्याने ही दुर्घटना बहुधा टळते. लघवीस महत्त्व अशासाठी की मॅग्नेशियम वृक्कांवाटेच शरीराबाहेर पडते. उतारा म्हणून १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेटाचे १० मिलि. नीलेतून सावकाश देतात. ते औषधाच्या शेजारीच ठेवण्याची पद्धत आहे. एका रबरी हातोडीवर अवलंबून असलेली ही परीक्षा महागड्या यंत्रांहून कमी मोलाची नाही.

गर्भाक्षेपाच्या रुग्णास पुढे पाठविण्यापूर्वी दोन्ही नितंबांच्या स्नायूंत प्रत्येकी ५ ग्रॅ. मॅग्नेशियम सल्फेट टोचण्याची अनुज्ञा परिचारिकेस आहे. ही नोंद चिठ्ठीत राहून गेल्यास पुढील रुग्णालयात पूर्ण मात्रा पुन्हा दिली जाण्याचा संभव असतो. निफेडिपीन व मॅग्नेशियम ही दोन्ही एकत्र पडल्यास रक्तदाब फार उतरणे व स्नायू लुळे पडणे हे प्रकारही नमूद आहेत, म्हणून अशा रुग्णाकडे विशेष लक्ष ठेवतात. मॅग्नेशियम पाच ते सात दिवसांपेक्षा अधिक काळ दिल्यास गर्भाच्या अस्थींतील कॅल्शियम कमी होऊन त्या ठिसूळ होतात, असे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१३ मध्ये जाहीर केले.

इंडोमेथॅसीन : प्रोस्टाग्लँडिनांची निर्मिती रोखणाऱ्या या वेदनाशामकाचा प्रकार अगदी निराळा आहे. मातेला छातीत व पोटात जळजळ, मळमळ, क्वचित जठरातून रक्तस्राव यांपलीकडे फारसे काही होत नाही. दमा, जठरव्रण किंवा रक्त गोठण्याचा दोष असणाऱ्या स्त्रीस मात्र ते देत नाहीत. खरा परिणाम गर्भावर होतो व तो बाहेरून दिसत नाही. गर्भाच्या फुप्फुसरोहिणीस महारोहिणीशी जोडणारी वाहिनी जन्मापर्यंत उघडी राहावी लागते. ती या औषधाने आकुंचित होते. गर्भाची लघवी कमी होऊन गर्भजलही घटते. पहिला धोका ३२ आठवड्यांनंतर विशेष वाढतो. त्यामुळे ते त्यापूर्वीच, सामान्यतः ४८ तासांपर्यंतच देतात व त्याहून अधिक दिल्यास ध्वनिचित्रणाने (सोनोग्राफीने) गर्भजल मोजतात. आईला काही त्रास नाही, म्हणजे औषध मानवले, असे येथे म्हणता येत नाही.

इतर औषधे : ऑक्सिटोसिनाचे ग्राही रोधणारे ॲटोसिबान यूरोपात २००० पासून मान्य आहे; अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली नाही. मळमळ व डोकेदुखी यांखेरीज त्याचे अनिष्ट परिणाम अल्प आहेत, किंमत मात्र जबर. नेदर्लंड्स व बेल्जियम येथील १,९२० स्त्रियांच्या, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत गंभीर अनिष्ट परिणाम शेकडा एकाहून कमी स्त्रियांत आढळले. बीटा-उत्तेजके देण्यात किंवा एकाहून अधिक औषधे एकत्र देण्यात त्यांचे प्रमाण अधिक होते. नायट्रोग्लिसरिनाच्या त्वचेवर चिकटवावयाच्या पट्टीने तीव्र डोकेदुखी होते व रक्तदाब उतरतो. प्रोजेस्टेरॉन हे चालू कळा थांबविणारे औषध नव्हे. ते काही स्त्रियांत अकालप्रसव टाळण्यासाठी आधीपासून देतात. त्याच वर्गातील हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन कॅप्रोएटाची या उपयोगासाठीची मान्यता उपयुक्तता सिद्ध न झाल्याने अमेरिकेत २०२३ मध्ये रद्द करण्यात आली.

मूळ विकार झाकला जाणे : औषधाच्या प्रत्यक्ष अपायापेक्षाही कधीकधी त्याच्या आड दडलेला विकार अधिक घातक असतो. वार अकाली सुटून गर्भाशयाच्या आत रक्त साठू लागले की नाडी जलद होते. गर्भजलात जंतुसंसर्ग झाला तरीही ती जलदच होते. बीटा-उत्तेजक दिलेल्या स्त्रीत मात्र तिचे खापर औषधावर फोडून मोकळे होणे सोपे असते. स्टेरॉइडामुळे रक्तातील श्वेत कोशिका काही काळ आपोआपच वाढतात, तेव्हा रक्त तपासूनही संसर्गाचा उलगडा होत नाही. स्टेरॉइडानंतर एक-दोन दिवस गर्भाची हालचालही मंद भासू शकते. अशा वेळी साध्या खुणांकडे वळावे लागते. पोट दोन कळांच्या मध्येही फळीसारखे कडक राहणे, हात लावताच दुखणे, अंगावरून रक्त जाणे, दुर्गंधियुक्त पाणी जाणे किंवा थंडी वाजून ताप येणे ही औषधाची लक्षणे नव्हेत. ती आढळल्यास कळा थांबविण्याचा प्रयत्न सोडून द्यावा लागतो. कारण तेथे अकाली होणारी प्रसूती हीच माता व मूल यांची सुटका असते. गर्भ मृत असणे, तीव्र गर्भाक्षेपपूर्व अवस्था व गर्भाशयमुख बरेच उघडलेले असणे या स्थितींतही ही औषधे वर्ज्य होत.

गर्भाचे वय नक्की माहीत नसणे हाही एक दोष आहे. नागपूर व बेळगाव या केंद्रांसह सहा देशांत झालेल्या व २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका परीक्षेत ग्रामीण पातळीवर स्टेरॉइडाचा प्रसार केला असता अल्पवजनी अर्भकांचे मृत्यू घटले नाहीत आणि एकूण नवजात मृत्यू उलट किंचित वाढले. औषध दिलेल्या पुष्कळ स्त्रियांची प्रसूती अकाली झालीच नव्हती. पुढे भारतासह पाच देशांतील रुग्णालयांत, वय ध्वनिचित्रणाने निश्चित करून व नवजाताच्या शुश्रूषेची सोय असताना झालेल्या परीक्षेत (२०२०) डेक्सामेथॅसोनाने मृत्यू कमी झाले. औषध तेच असून निदान व व्यवस्था यांमुळे निष्कर्ष पालटला. अकालप्रसवरोधक औषधांनाही हे तितकेच लागू पडते. पाळीची तारीख सणावारांवरून सांगण्याची पद्धत ग्रामीण भागात आहे व चौकशी करणाऱ्यास पंचांग ठाऊक असल्यास ती पुष्कळ अचूकही ठरते. तारीख आठवत नाही, एवढ्यावर तो प्रश्न सोडून देऊ नये.

प्रवासातील निरीक्षण : घोडेगाव किंवा मंचर येथे औषध घेऊन निघालेली स्त्री पेठच्या आसपास पोहोचेपर्यंत औषधाचा अंमल पुरता सुरू झालेला असतो. सोबत डॉक्टर असतीलच असे नाही. आशा कार्यकर्ती किंवा घरची वडीलधारी स्त्री असते. तिला मोजक्या गोष्टी समजावून दिलेल्या असाव्यात. रुग्णाने डाव्या कुशीवर निजावे, म्हणजे गर्भाशयाचा भार मोठ्या नीलेवर पडत नाही व रक्तदाब टिकतो. मात्र तिला निजवतच नसेल, बसल्यावाचून श्वास पुरत नसेल, तर बळेच निजवू नये व वाहनातील कर्मचाऱ्यास तत्काळ सांगावे. हातांचा कंप व धडधड यांची वाच्यता करावी, पण घाबरू नये. छातीत दुखणे, खोकल्यासह दम, हाक मारल्यावर उशिरा ओ देणे, पाय लुळे पडणे, घेरी येऊन अंग गार पडणे ही लक्षणे दिसताच चालू सलाइन थांबवून घेऊन जवळच्या रुग्णालयात थांबणे योग्य. पुण्यापर्यंत पोहोचण्याची घाई अशा वेळी उपयोगाची नाही. चिठ्ठीवर औषधाचे नाव, मात्रा, दिल्याची घटका व त्या वेळची नाडी आणि रक्तदाब एवढे स्वच्छ अक्षरात लिहिलेले असल्यास पुढील डॉक्टरांचे निम्मे काम होते. रिकामी कुपी किंवा गोळ्यांचे वेष्टन बरोबर देण्याची काही परिचारिकांची सवय अनुकरणीय आहे.

प्रसूती झाली म्हणजे औषधाचा अंमल संपला, असे होत नाही. सैलावलेला गर्भाशय वार पडल्यानंतर आवळून येण्यास विलंब लावू शकतो व त्यामुळे रक्तस्राव वाढतो. यास्तव औषध केव्हा थांबविले हे प्रसूती करणाऱ्यास ठाऊक असावे लागते. भूल द्यावयाची असल्यास भूलतज्ञासही ते सांगतात, कारण मॅग्नेशियमामुळे स्नायू शिथिल करणाऱ्या औषधांचा परिणाम लांबतो व निफेडिपिनामुळे रक्तदाब अधिक उतरतो. बीटा-उत्तेजके दिलेल्या मातेच्या अर्भकाची रक्तशर्करा पहिल्या दिवशी वारंवार तपासतात व त्यास लवकर अंगावर पाजतात. मॅग्नेशियम दिलेल्या मातेचे अर्भक मलूल दिसल्यास त्याच्या श्वसनावर लक्ष ठेवतात. मातेची नाडी व श्वास पुढे २४ तास मोजत राहतात.